१,३६,४०० पौंडांची सवलत

३० ऑक्टोबर २०२४ला ब्रिटनचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यातली एक गोष्ट संध्याकाळपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदारी पोचली. कौन्सिलच्या भाडेकरूला स्वतःचं राहतं घर विकत घेताना मिळणारी सवलत २१ नोव्हेंबरपासून कापली जाणार होती. लंडनमध्ये तोवर ती जास्तीत जास्त १,३६,४०० पौंड होती. त्या तारखेनंतर शहराच्या बहुतेक भागांत १६,०००. अर्ज तारखेच्या आत पोचला तर एक भाव, नाही पोचला तर दुसरा, आणि दोहोंत १,२०,४०० पौंडांचा फरक. विचार करायला तीन आठवडे.

आम्ही पूर्व लंडनमध्ये कौन्सिलच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चौदा वर्षं भाड्याने राहत होतो. नवरा बस चालवतो, मी प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, मुलं दोन. कौन्सिल म्हणजे आपली महापालिका समजा. तिच्या मालकीची घरं ती गरजू कुटुंबांना बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी भाड्याने देते. आपल्याकडे म्हाडा नवी घरं बांधून सोडतीत विकते, तसा हा प्रकार नाही. इथे ज्या घरात तुम्ही भाडेकरू आहात तेच घर तुम्ही मागितलंत तर कौन्सिलला विकावं लागतं. नाही म्हणायची सोय नाही. म्हणून त्याला ‘राइट टू बाय’ म्हणतात.

कायदा १९८०चा, मार्गारेट थॅचरच्या पहिल्या कारकिर्दीतला. सुरुवातीला ३३ ते ५० टक्के सूट होती. पुढे फ्लॅटसाठी ती ७० टक्क्यांपर्यंत गेली. आजवर एकट्या इंग्लंडमध्ये वीस लाखांच्या आसपास घरं अशी विकली गेली. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्कच काढून टाकला. इंग्लंडमध्ये उलट झालं. मधल्या काळात आखडलेली सवलत २०१२ मध्ये एकदम ७५,००० पौंडांवर नेली आणि वर्षभरात लंडनसाठी लाखावर. तेव्हा सरकारने वचन दिलं होतं की या वाढीव विक्रीतल्या प्रत्येक घरामागे एक नवं घर उभं राहील. विकलेल्या घरांच्या निम्मीही उभी राहिली नाहीत.

हे सगळं मी अर्ज भरताना वाचत गेले. आधी एवढंच ठाऊक होतं की शेजारपाजारची मंडळी घर ‘घेऊन टाकतात’.

अर्जाचा फॉर्म साधा आहे, आरटीबी १ म्हणतात. किती वर्षं भाडेकरू, घरात कोण कोण, कोणाच्या नावावर घ्यायचं. बारा महिने एकत्र राहिलेल्या घरच्या माणसांना अर्जात सामील करून घेता येतं, त्यामुळे म्हाताऱ्या आईच्या नावावरचं घर मिळवती मुलं कर्ज काढून घेतात. त्या तीन आठवड्यांत कौन्सिलच्या ऑफिसबाहेर अशी कितीतरी कुटुंबं दिसली. दाराखालून पत्रकंही येऊ लागली. ‘तुमच्या घराचे पैसे आम्ही भरतो, तुम्हाला रोख रक्कम देतो, पाच वर्षांनी घर आमच्या नावावर करा.’ समोरच्या आयरिश आजींनी ते पत्रक मला वाचायला दिलं, कारण त्यांना फोनही आला होता. असा करार केला तर कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच धरतात आणि सवलत परत मागतात, हे त्या पत्रकात कुठेही छापलेलं नव्हतं. आजींना मी स्वच्छ सांगितलं की सही करू नका. त्यांनी केली नाही.

आम्ही अर्ज आपल्या हाताने दिला आणि पोच घेतली. हा एक सल्ला मी प्रत्येकाला देईन, कारण घराची किंमत आणि सवलत दोन्ही अर्ज पोचल्याच्या तारखेवर ठरतात, आणि त्या महिन्यात कौन्सिलच्या टपालाचा ढीग कोणी केव्हा फोडला याची खात्री कोणालाच नव्हती.

पुढचं वेळापत्रक कायद्यात बांधून दिलेलं आहे. तुम्हाला हक्क आहे की नाही हे चार आठवड्यांत कळवायचं, आणि फ्लॅट असेल तर त्यानंतर बारा आठवड्यांत किंमत. प्रत्यक्षात सगळं तुंबलं होतं. पासपोर्ट, पगाराच्या स्लिपा, बँकेचे कागद तपासायला एक बाई घरी येऊन गेल्या, आम्ही खरंच इथे राहतो ना हे त्यांनी कपाटं उघडून पाहिलं. मग शांतता. बारा आठवडे उलटल्यावर मी आरटीबी ६ भरला, म्हणजे दिरंगाईची नोटीस. तिला महिनाभरात उत्तर नाही मिळालं तर पुढची नोटीस देता येते आणि तेव्हापासून भरलेलं भाडं घराच्या किमतीतून वळतं होतं. ही तरतूद बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसते. नोटीस गेली आणि व्हॅल्युअरची, म्हणजे घराची किंमत ठरवणाऱ्याची, तारीख आली.

व्हॅल्युअर तरुण मुलगा होता. लेझरच्या यंत्राने खोल्या मोजल्या, स्वयंपाकघरात येऊन थांबला आणि विचारलं, ‘हे किचन कौन्सिलचं की तुमचं?’ ओटा, टाइल्स, कपाटं आम्ही आमच्या पैशांनी केली होती. भाडेकरूने स्वतः केलेली सुधारणा किमतीत धरत नाहीत. नवऱ्याने पावत्यांची फाइल पुढे केली. त्या मुलाने एकेक पावतीचा फोटो काढला.

किंमत आली ३,५०,००० पौंड. चौदा वर्षांच्या भाडेकरूला टक्केवारीने ६८ टक्के सूट बसते, पण वरची मर्यादा १,३६,४०० असल्यामुळे तेवढीच. आम्हाला २,१३,६०० पौंडांना घर. किंमत जास्त वाटली तर तीन महिन्यांत डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरकडे, म्हणजे सरकारी मूल्यमापकाकडे, दाद मागता येते, पण तो ती वाढवूही शकतो. आम्हाला आकडा रास्त वाटला, सोडून दिलं.

या नोटिशीत, म्हणजे कलम १२५च्या नोटिशीत, किंमत पहिल्या पानावर असते आणि सगळे तिथेच थांबतात. खरं वाचायचं ते पुढे आहे. फ्लॅट घेतला म्हणजे १२५ वर्षांचं लीज मिळतं. बिल्डिंग कौन्सिलचीच राहते. जिना, लिफ्ट, छप्पर, विमा यांचा वार्षिक खर्च आमच्या वाट्याला १,६८० पौंड. त्याखाली एक तक्ता होता, येत्या पाच वर्षांत काढायच्या मोठ्या कामांचा. छप्पर, खिडक्या, लिफ्ट, बाहेरच्या गॅलरीचं काँक्रीट. आमचा वाटा १८,७०० पौंड. पहिली पाच वर्षं कौन्सिलला या अंदाजाबाहेर, महागाई सोडून, मागता येत नाही. त्यानंतर ते संरक्षण संपतं. भाडेकरू असताना खिडकी गळली की फोन करायचा, ते येऊन दुरुस्त करणार. मालक झालात की खिडकी त्यांचीच, बिल तुमचं.

मी टेबलावर वही घेऊन बसले. आमचं भाडं महिन्याला ५७२ पौंड. साठवलेले आणि गावाकडून येणारे पैसे घातले तर कर्ज १,८०,०००चं लागत होतं. वीस वर्षांसाठी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास हप्ता ११६५. वर जिना-लिफ्टच्या त्या वार्षिक खर्चाचे, म्हणजे सर्व्हिस चार्जचे, महिन्याला १४०. मोठ्या कामांचे पैसे पाच वर्षांवर पसरले तर आणखी तीनशेच्या वर. म्हणजे सवलत घेऊनसुद्धा महिन्याचा खर्च भाड्याच्या पावणेतीनपटीहून जास्त. नवरा एकोणपन्नास वर्षांचा आहे. एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत हप्ता.

लोकांना वाटतं कौन्सिलचं घर म्हणजे फुकटात मिळालेलं घबाड. घेणाऱ्याच्या वहीत ते तसं दिसत नाही. ज्याची नोकरी पक्की, तब्येत धड, घरात दोन पगार, त्यालाच ही सवलत घेता येते. आमच्या खालच्या मजल्यावर एकटी आई तीन मुलांना घेऊन राहते, सफाईची कामं करते. आमच्याइतकीच वर्षं भाडं भरते आहे. तिला कोणतीही बँक कर्ज देणार नाही, तेव्हा तिच्यासाठी १,३६,४०० हा आकडा कागदावरच. मला या योजनेत सगळ्यांत जास्त खुपलं ते हे. सार्वजनिक पैशातली एवढी मोठी रक्कम गरज पाहून वाटली जात नाही, ऐपत पाहून वाटली जाते.

आणि मग वरच्या मजल्यावरचं घर.

आमच्या डोक्यावर, अगदी आमच्याच आराखड्याचा फ्लॅट आहे. तिथे पुण्याचं एक तरुण जोडपं राहतं, दोघं आयटीत, वर्क व्हिसावर आलेले. चकलीचा सोऱ्या मागायला ती खाली आली तेव्हा ओळख झाली. बोलता बोलता भाडं विचारलं. ती म्हणाली, ‘ताई, एकोणीसशे. बिलं वेगळी.’ तोही एकेकाळी कौन्सिलचाच फ्लॅट. थोड्या पौंडांत लँड रजिस्ट्रीतून कोणत्याही घराचे कागद मिळतात. मी ते काढले. लीज १९८८चं. त्या वेळच्या भाडेकरूने सवलतीत वीस हजारांच्या थोड्या वर पौंड देऊन घेतलेलं, नंतर दोनदा विकलं गेलेलं, आताचा मालक ते भाड्याने देतो. एकाच जिन्यावर एकाच मापाची तीन घरं धरा. भाडेकरूला ५७२, विकत घेणाऱ्याला १३०५, खासगी भाडेकरूला १९००.

आणि हे आमच्याच बिल्डिंगपुरतं नाही. लंडनमध्ये राइट टू बायमध्ये विकल्या गेलेल्या घरांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त आता खासगी घरमालकांकडून भाड्याने दिली जातात. काही ठिकाणी खुद्द कौन्सिलच बेघर कुटुंबांना ठेवायला आपलीच जुनी घरं बाजारभावाने परत भाड्याने घेते.

घरात यावरून आमचं चांगलंच वाजलं. नवऱ्याचं म्हणणं मी इथे नीट मांडते, कारण ते हलकं नाही. तो म्हणाला, ‘ही बिल्डिंग साठच्या दशकातली. तिचा बांधकामाचा खर्च आपल्यासारख्यांच्या भाड्यातून केव्हाच वसूल झाला. पलीकडच्या गल्लीत ज्यांनी वीस वर्षांपूर्वी घर घेतलं त्यांच्या घराची किंमत तिप्पट झाली, राहतं घर म्हणून विकताना त्यांना नफ्यावर एक पेनी कर नाही. त्यांना कोणी विचारतं का की हे रास्त आहे का? न्यायाचा हिशेब नेहमी कौन्सिलच्या घरातल्या माणसालाच का विचारायचा?’ पुढे म्हणाला, ‘तू नाही घेतलंस म्हणून कोणाला घर मिळणार आहे? आपण इथेच राहणार, भाड्याने.’

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे असं पुष्कळांना वाटतं. मला वाटत नाही. आज आम्ही हलणार नाही हे खरं. पण वीस वर्षांनी मुलं बाहेर पडल्यावर आम्ही लहान घर मागितलं असतं किंवा गावी गेलो असतो, आणि हा फ्लॅट ५७२च्या हिशेबाने पुढच्या कुटुंबाला मिळाला असता. विकला की तो कौन्सिलच्या घरांच्या यादीतून कायमचा गेला. शिवाय कौन्सिलच्या हातात आले २,१३,६००. तसाच फ्लॅट परत घ्यायला लागतात साडेतीन लाख, नवा बांधायला त्याहूनही जास्त. मधली दरी भरायला पैसा कोण देणार? कौन्सिलच्या घरासाठी रांगेत उभं असलेलं कुटुंब देतं, आणखी काही वर्षं थांबून.

त्या रांगेतलं एक मूल माझ्या वर्गात होतं. २०२४च्या अखेरीस इंग्लंडमध्ये १ लाख २० हजारांहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती. लंडनमध्ये तर सरासरीने प्रत्येक वर्गात एक तरी मूल असं निघतं. हे मूल पहाटे दोन बस बदलून यायचं, कारण निवारा दुसऱ्या टोकाला मिळाला होता आणि आईला शाळा बदलायची नव्हती. सकाळच्या वाचनाच्या तासाला ते टेबलावर डोकं ठेवून झोपायचं. आम्ही झोपू द्यायचो. त्याच्या आईला दोन बेडरूमच्या घरासाठी किती वर्षं सांगितली होती ते तिने मला एकदा गेटवर सांगितलं. तोवर तिचं मूल प्राथमिक शाळा सोडून गेलेलं असेल.

तरीही आम्ही घर घेतलं. मी ते लपवत नाही आणि त्याची माफीही मागत नाही. कायद्याने दिलेला हक्क होता, निवृत्तीनंतर डोक्यावर छप्पर असावं ही धास्ती खरी होती, आणि नवऱ्याचा तो प्रश्न, की हिशेब आम्हालाच का, त्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं. पण योजना चूक आहे हे मत मी बदललं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

कर्जाला पहिल्या बँकेने नकार दिला. कारण काय, तर आमच्या बिल्डिंगला चाळीसारखी बाहेरून गॅलरी आहे, घरांची दारं तिच्यात उघडतात. अशा इमारती काही बँकांना नकोच असतात. नशिबाने आमची इमारत विटांची, बाहेरून कसलंही आवरण नसलेली. ज्यांच्या टॉवरला तसं आवरण आहे त्यांचे, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये अशाच आवरणामुळे भडकलेल्या आगीनंतर, काय हाल झाले ते इथे सगळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या बँकेने कर्ज दिलं, सवलतीलाच डिपॉझिट मानलं.

गावाकडच्या पैशांनी मात्र जीव खाल्ला. सासऱ्यांच्या पश्चात कराडजवळची थोडी जमीन भावांनी मिळून विकली होती, त्यातला नवऱ्याचा हिस्सा आणायचा होता. इथल्या वकिलाला पैसा कुठून आला याचा पक्का पुरावा हवा असतो. सातबारा, फेरफार, वारस नोंद, खरेदीखत, सगळ्याचे प्रमाणित इंग्रजी तर्जुमे. तिकडे बँकेला परदेशी पैसे पाठवण्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटचा १५सीबी दाखला आणि १५सीए फॉर्म लागला. धाकटे दीर रजा टाकून तलाठ्याकडे हेलपाटे घालत राहिले. वकिलाने विचारलं, एकाच शेताला चार गट नंबर कसे? त्याला आमच्या पणजोबांपासूनच्या वाटण्या ईमेलवर समजावून सांगाव्या लागल्या. ज्यांना असे पैसे आणायचे असतील त्यांनी ही कामं अर्ज दिल्याच्या दिवसापासूनच सुरू करावीत.

२०२५च्या उन्हाळ्यात व्यवहार पुरा झाला. पाच वर्षांच्या आत विकलं तर सवलत परत करावी लागते, पहिल्या वर्षी पूर्ण, मग दर वर्षी पाचवा हिस्सा कमी. दहा वर्षांपर्यंत विकायचं झालं तर आधी कौन्सिलला विचारायचं, पण बाजारभावाने. म्हणजे १,३६,४०० पौंड सूट देऊन विकलेलं घर कौन्सिलला परत हवं असेल तर पुरी किंमत मोजून घ्यायचं. ही अट मला अन्यायाची वाटते, आणि तिचा फायदा उद्या आम्हालाच होणार आहे.

सरकारने २० नोव्हेंबर २०२४ ते १५ जानेवारी २०२५ या काळात या योजनेवर लोकांची मतं मागवली होती. मी माझं पाठवलं, भाडेकरू म्हणून आणि अर्जदार म्हणूनही. सवलतीने घेतलेलं घर भाड्याने देऊ देऊ नका, परत विकताना सवलतीचा हिस्सा कौन्सिलकडे जाऊ द्या, आणि जे घर घेऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी त्यातला पैसा दुरुस्तीला वापरा, असं लिहिलं. जुलै २०२५ मध्ये सरकारने आपला निर्णय जाहीर केला. भाडेकरूला हक्क तीनऐवजी दहा वर्षांनी, सूट ५ टक्क्यांपासून सुरू होऊन फार तर १५ टक्के, आणि नव्याने बांधलेली घरं ३५ वर्षं विक्रीतून वगळलेली. मला हे पटतं. आमच्यासारख्यांना जे मिळालं ते यापुढे कोणाला मिळणार नाही, आणि मिळू नये. पण जी वीस लाख घरं गेली त्यांचं काय?

वरच्या फ्लॅटच्या मालकाने आता तो विकायला काढला आहे, ३,६०,००० पौंडांना. पुण्याच्या जोडप्याला घर सोडायची नोटीस आली. ती दोघं कमावती आहेत, दुसरीकडे सोय लावतील. मी कौन्सिलच्या घरं परत घेणाऱ्या विभागाला लिहिलं. अशी जुनी घरं परत घ्यायला लंडनच्या महापौरांनी, सादिक खान यांनी, २०२१ मध्ये मदत सुरू केली होती, तेव्हापासून बऱ्याच कौन्सिली अशी घरं घेतात. १९८८ मध्ये वीस हजारांत गेलेलं घर साडेतीन लाखांवर देऊन परत घ्यायचं, हा आकडा लिहिताना माझा हात थांबला. तरी घ्यावं असंच मी लिहिलं, कारण दोन बेडरूमचं ते घर कोणासाठी हवंय हे मला माहीत आहे. त्यांचं उत्तर आलं आहे. पाहणीसाठी त्यांनी मालकाकडे तारीख मागितली आहे.